ठोकलेलं नाणं

"सांगितलं तर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही," राजाराम दाबके म्हणाले, आणि विभावरीबाईंच्या मस्तकात तिडीक गेली.

लग्न झाल्यापासूनचा त्यांचा अनुभव होता. या वाक्यानं जी जी गोष्ट सुरू झाली, ती घरातली एखादी वस्तू नाहीशी झाल्यावरच सुरू झाली. शिवणयंत्र गेलं तेव्हा हेच वाक्य होतं, आणि त्याच्या पाठोपाठ एक सर्कस, थंडीनं कुडकुडणारा एक हत्ती आणि त्याच्या झुलीचा प्रश्न. कुकरचं झाकण गेलं तेव्हा चिंचवडवरून खाली खाली येणारं एक विमान होतं, आणि म्हणे त्या वैमानिकाचं झाकणावाचून अडलं होतं. साध्या छत्रीसाठी या माणसानं एकदा अख्खं संस्थान उभं केलं होतं, दिवाणासकट.

आज रुपया गेला होता.

आणि जाऊन जाऊन कधी जावा? ऐन लक्ष्मीपूजनाला. दूर परदेशात, अवोन्डेलमधल्या मुलाच्या घराच्या बैठकीत सगळी मांडामांड झाली होती. नात इरावतीच्या अभ्यासाच्या स्टुलाला खण गुंडाळून चौरंग केला होता. पुण्याहून आणलेली केरसुणी विमानतळावरच काढून घेतली होती, झाडाचं काही देशात येऊ देत नाहीत म्हणून, त्यामुळे निळ्या दांड्याच्या नव्या प्लास्टिकच्या झाडूला हळदकुंकू लावून भिंतीशी उभं केलं होतं. इथे ऑक्टोबर म्हणजे वसंत, त्यामुळे सूर्य अजून मावळायला तयार नव्हता. मुलगा देवव्रत ईस्ट टामाकीच्या कारखान्यातून निघाला होता आणि मोटरवेवर अडकला होता. तो येईपर्यंत थांबायचं ठरलं होतं, आणि तेवढ्यात पूजेचा रुपया काढून ठेवावा म्हणून विभावरीबाईंनी चांदीची डबी उघडली.

डबीत राणी असायला हवी होती. राणीछाप रुपया होता तो. डबीत राणी नव्हती. डबीत एक नागडा माणूस होता.

दाढी छातीपर्यंत, कमरेला पाल्याचा पट्टा आणि हातात मुळासकट उपटलेलं झाड. भोवतीनं वेडीवाकडी रोमन अक्षरं. नाणंही धड गोल नव्हतं, कडेनं पुरी लाटताना बिघडावी तसं बिघडलेलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "हा कोण?"

आणि तेव्हा ते वाक्य आलं.

आता या रुपयाबद्दल सांगायला हवं. विभावरीबाईंच्या आईच्या गळ्यात रुपयांची माळ होती. आई थकली तेव्हा तिनं माळ मोडली आणि मुलींना एकेक रुपया वाटून दिला. विभावरीबाईंच्या वाट्याला आला तो रुपया माहेरी त्यांच्या लग्नाआधीपासून प्रसिद्ध होता. त्याला सगळे 'मुका' म्हणत. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत, "माझा मुका कुठे ठेवलाय?" असं नव्या नवरीनं भरल्या घरात विचारलं, आणि राजाराम इतके हसले की सासूबाईंनी दोघांनाही स्वयंपाकघरातून हाकललं. तेव्हापासून दर दिवाळीला "काढ तुझा मुका" हा विनोद ठरलेला. विभावरीबाई दर वर्षी "शी" म्हणत आणि चिंच लावून रुपया घासत. देश सुटला, माणसं सुटली, केरसुणीसुद्धा सुटली, पण त्या डबीचं झाकण उघडलं की आई समोर बसलेली असे.

आणि आज तिथे हा.

"माझा रुपया कुठाय?"

"तेच सांगतोय ना! तूच मधे मधे बोलतेस," राजाराम म्हणाले. ते स्वतःच संतापलेले होते. ही त्यांची जुनी युक्ती. समोरच्यानं चिडायच्या आत आपण चिडायचं. "मला लुटलं, विभा! दिवसाढवळ्या! एवढ्या सभ्य देशात! आणि तू माझ्याकडे अशी बघतेस, जसा काही मीच चोर!"

"कोणी लुटलं, दाजी?" चारुदत्तनं विचारलं.

चारुदत्त म्हणजे विभावरीबाईंचा धाकटा भाऊ. पोरिरुआला डॉक्टर होता, आता निवृत्त होऊन जुनी नाणी जमवत होता. भाऊबीजेला दर वर्षी उत्तरेला बहिणीकडे यायचा, आणि येताना एखादं नाणं खिशात घालून यायचा, कुणी विचारेल या आशेनं. मेव्हण्या-मेव्हण्यांचं तसं बरं होतं, पण ईस्टरच्या सुट्टीत सगळे त्याच्याकडे गेले असताना एक ठिणगी पडली होती. चारुदत्तनं त्याचं लाडकं जर्मन नाणं दाखवायला काढलं, राजारामांनी हात पुढे केला, आणि चारुदत्त म्हणाला, "अं हं, दाजी, हात नको. बोटांना तेल असतं." वर पातळ पांढरे हातमोजे पुढे केले. राजारामांनी हातमोजे घातले नाहीत. त्यांनी नाण्याचा मोबाइलवर फोटो काढला आणि परतीच्या सबंध प्रवासात ते एक शब्द बोलले नाहीत. त्यांच्यासारख्या माणसाचं गप्प बसणं ही किती गंभीर गोष्ट आहे ते विभावरीबाईंना तेव्हाच कळायला हवं होतं.

"मागच्या रविवारी," राजारामांनी बैठक मारली, "मी तुझा रुपया घेऊन बाजारात गेलो. का? तर तुझ्याचसाठी. म्हटलं, बायको दर वर्षी चिंचेनं घासते, राणीचं नाक झिजत चाललंय, कुणा जाणकाराला दाखवू."

"मला न विचारता."

"सरप्राइज होतं ते!"

"झालंय," विभावरीबाई म्हणाल्या. "पुढे?"

"तर घोड्यांच्या रेसकोर्सवरचा तो बाजार. एकीकडे कुमारा, म्हणजे इथली रताळी, एकीकडे तारो, म्हणजे अळकुड्या, माशांची डोकी, कोथिंबिरीच्या जुड्या. आणि त्या सगळ्याच्या शेवटी एक माणूस घोंगडी पसरून बसलेला. पायात जँडल्स, आपल्या रबरी चपला. दाढी ही अशी, थेट छातीपर्यंत. मी इथला रामराम घातला, म्हटलं, किया ओरा. तो म्हणाला, किया ओरा, आणि माझा हात हातात घेऊन रडायला लागला."

"आजोबा, नो वे," इरावती सोफ्यावरून म्हणाली. तिला मराठी सगळं कळायचं आणि ती उत्तर मात्र स्वतःच्या सोयीच्या भाषेत द्यायची. "व्हाय वुड ही क्राय?"

"माझा हात बघून! म्हणाला, हा कारागिराचा हात आहे. माझ्या पूर्वजांचे हात असेच होते. चिंचवडच्या कारखान्यात जन्मभर डाय कोरल्या मी, पोलादी ठसे, इरा, तो हात लपतोय होय? त्याचे पूर्वज कोण होते, विचारा."

कुणी विचारलं नाही.

"ब्राउनश्वाइगच्या ड्यूकच्या टांकसाळीतले हातोडेवाले! जर्मनीत तेव्हा एक राज्य नव्हतं, गल्लीगल्लीला राजा. प्रत्येकाची वेगळी टांकसाळ, वेगळं नाणं. आणि ही नाणी यंत्रावर नाहीत हां. खाली एक ठसा, वर एक ठसा, मधे चांदीची चकती, आणि वरून हातोडा. धाड! त्याचा खापरपणजोबा की कोण, तो इतका ताकदीचा, की त्यानं एकदा हातोडा मारला आणि छाप चकतीवर उठला तो उठलाच, खालच्या ऐरणीवर उठला, ऐरणीखालच्या ओंडक्यावर उठला, आणि तळघरात एक कारकून झोपला होता त्याच्या कपाळावर ड्यूकचं नाव उलटं उमटलं. तो जन्मभर टोपी घालून हिंडला."

ऋचा, त्यांची सून, स्वयंपाकघरातून हसली. ती औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट होती आणि दिवसभर लोकांची दुखणी ऐकून आल्यावर सासऱ्यांच्या गोष्टी तिला गोळीसारख्या लागू पडायच्या. विभावरीबाईंना ते हसू आत्ता मुळीच आवडलं नाही.

"म्हणजे हे जर्मन आहे?" त्यांनी नाणं दोन बोटांत धरून विचारलं.

"अस्सल जर्मन!"

"जर्मन? पातेल्याचं असतं ते? आणि ते तुम्ही लक्ष्मीपुढे ठेवायला निघालात? आईची चांदी घालवून वर जर्मन?"

"ताई, तो जर्मन नव्हे," चारुदत्त घाईघाईनं म्हणाला, "जर्मनी देशातलं. आपण ॲल्युमिनियमला जर्मन म्हणतो तो भाग वेगळा. ही चांदीच असते. दे बघू."

तो हात पुढे करणार तोच राजारामांनी नाणं विभावरीबाईंच्या हातातून काढून पूजेच्या तबकात ठेवलं.

"अं हं," ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरलं त्याला समाधान हा शब्द फार लहान आहे. "हात नको, मेव्हणे. बोटांना तेल असतं. ऋचा, हातमोजे आण."

ऋचानं भांडी घासायचे पिवळे रबरी हातमोजे आणले. पोरिरुआच्या त्या नामांकित डॉक्टरानं, जरीच्या कुडत्यावर, निमूटपणे ते घातले. नाण्याच्या ओढीपुढे माणसाला लाज राहत नाही. त्यानं खिशातून भिंग काढलं आणि प्लास्टिकच्या गोल डबीतलं स्वतःचं नाणंही काढून शेजारी ठेवलं. तोच दाढीवाला, तेच झाड. फक्त त्याचं नाणं थोरलं, जाड आणि काळसर होतं, हे लहान, पातळ आणि लख्ख.

"रानमाणूस," चारुदत्त पुटपुटला. "हार्त्स डोंगरातल्या खाणींची चांदी. थालर. त्याच थालरचा पुढे डॉलर झाला, ताई. पण दाजी, थालर एवढासा नसतो."

"अर्धा आहे तो."

"अर्ध्यालाही हलका वाटतोय."

"वाटणारच! कधीचा आहे ते बघ ना. त्या वर्षांत ते राजे काय करत होते? तूच सांगितलंस ईस्टरला. एकमेकांच्या राज्यातली चांगली नाणी गोळा करायची, वितळवायची, तांबं घालायचं आणि पुन्हा छापायची. अरे, एका ड्यूकनं तर चांदी इतकी काढली, इतकी काढली, की बाजारात पैसे मोजताना वारा आला की लोक नाण्यांवर दगड ठेवायचे. म्हातारीनं सूप घेतलं आणि सुटे पैसे वाटीत पडले, तर ते तरंगायचे. आणि हे बिचारे हातोडेवाले! घाम गाळायचा यांनी, चोरी करायची ड्यूकनं, आणि लोकांच्या शिव्या खायच्या पुन्हा यांनीच. सांगताना तो दाढीवाला थरथरत होता संतापानं. मीही थरथरत होतो. आम्ही दोघं रडलो."

"दगडाचं सोडा," चारुदत्त भिंगातून मान वर न करता म्हणाला, "पण तांब्याचं खरंय, ताई. छोट्या नाण्यांत फार भेसळ झाली होती तेव्हा. पोरं ती रस्त्यात खेळायला घ्यायची." मग तो थांबला. "दाजी, इथे एन उलटा आहे."

राजारामांच्या चेहऱ्यावरून काहीतरी झर्रकन गेलं. विभावरीबाईंनी ते पाहिलं.

"ठसा कोरणारा प्यायलेला होता," ते म्हणाले.

"नाही नाही, चांगली गोष्ट आहे ही! अस्सल नाण्यांवर अशी उलटी अक्षरं कैक वेळा सापडतात. ठशावर सगळं उलटं कोरायचं असतं, त्यात एखादं सुलट राहून जातं." चारुदत्तचा आवाज बदलला होता. "आणि छाप मधोमध नाही. एका बाजूला सपाट राहिलंय, तिथे हातोडा तिरका बसला. बनावट नाणं ओतून करतात, त्याला कडेनं शिवण दिसते, बारीक बुडबुडे दिसतात. इथे शिवण नाही. हे ठोकलेलंच आहे. दाजी, हे खरोखर हातानं ठोकलेलं नाणं आहे!"

"मग मी काय सांगतोय!" राजाराम गरजले. "जन्मात एकदा खरं बोललो तर कोणाला पटत नाही!"

"हा पायाखालचा बारीक गोल कसला?"

"टांकसाळीची खूण."

"असेल. असेल. पण चकाकी फार आहे. कोणीतरी घासलंय."

"चिंचेनं," राजाराम म्हणाले, आणि लगेच, "म्हणजे त्याच्या बायकोनं. त्यांच्यातही असते चिंच."

"ताई," चारुदत्त वळला. त्याचे डोळे लहान मुलासारखे झाले होते. "खरं सांगू? दाजींनी सौदा वाईट केला नाही. राणीछाप रुपया काय, कुठेही मिळतो. मी तुला तसाच दुसरा आणून देतो. उद्या. हे मात्र मला..."

विभावरीबाईंनी भावाकडे वळून पाहिलं.

नवऱ्याचं एक वेळ समजू शकलं असतं. तो तसाच होता, पहिल्यापासून. पण हा? ज्या गळ्यात ती माळ होती त्याच गळ्याला मिठी मारून हा वाढला. आईचा रुपया गेला, ऐन सणाला गेला, आणि हे दोन म्हातारे पिवळ्या रबरी हातमोज्यांनी एका नागड्या परपुरुषाची दाढी मोजत बसले होते. 'कुठेही मिळतो' म्हणे! आई कुठे मिळते? ती कुठल्या बाजारात घोंगडीवर मांडून ठेवलेली असते?

"चारू," त्या म्हणाल्या, "तू एक अक्षर बोलू नकोस. आणि ते हातमोजे काढ, भांडी पडलीत." मग नवऱ्याकडे वळून, "सौदा केलात की लुटलं? आधी लुटलं म्हणालात."

"लुटलंच!"

"मग हे हातात कसं आलं?"

"तेच तर सांगतोय, पण या घरात बोलू कोण देतं? सासऱ्याला जावई बोलू देत नाही म्हणतात, इथे मेव्हणाच बोलू देत नाही."

ऋचानं खीर ढवळता ढवळता विचारलं, "बाबा, त्यावरून आठवलं. माझा टॉर्च तुम्ही पाहिलात का? कस्टर्डवरची साखर भाजायचा, गॅसचा. या आठवड्यात कुठे दिसला नाही."

"टॉर्च? मी कशाला घेऊ? मला काय कस्टर्ड कळतं?"

"आणि पलीकडच्या बाई विचारत होत्या, गॅरेजमधलं काम संपलं का म्हणून. त्यांचं मांजर म्हणे घरात येईना आवाजानं."

"कुंड्यांचा स्टँड करत होतो मी," राजाराम अपमानित होऊन म्हणाले. "तुमच्याच कुंड्यांचा. या घरात माणसानं काही बांधलं तरी चूक, मोडलं तरी चूक. स्वतःचा अंगठा ठेचून घेतला मी त्या कुंड्यांपायी, कुणी फुंकर घातली?" त्यांनी डाव्या हाताचा पट्टी बांधलेला अंगठा उंच धरला. कालपर्यंत तो गाडीच्या दारात सापडलेला होता, हे विभावरीबाईंच्या लक्षात आलं, पण त्या घडीला त्यांना अंगठ्याशी घेणंदेणं नव्हतं. कुंड्यांचा स्टँड अजून कुणी पाहिला नव्हता, हेही त्यांच्या लक्षात आलं. तेही त्यांनी बाजूला ठेवलं.

"रुपया," त्या म्हणाल्या.

"हां. तर मी तुझा रुपया त्याला नुसता दाखवला. दाखवला फक्त! त्यानं तो घेतला, उन्हात धरला, हुंगला. मग म्हणाला, चांदीचा बोल ऐकू दे. शेजारी कुमारा तोलायचा काटा होता. त्याच्या पारड्यात त्यानं तुझा रुपया असा वरून टाकला." राजारामांनी हवेत चुटकी सोडली. त्यांचा आवाज खाली उतरला, डोळे मिटले. "विभा, काय वाजला गं! ठण्णण्ण! जशी देवळातली घंटा. सबंध बाजार गप्प झाला. मासेवाल्याच्या हातातली सुरी थांबली. एक सीगल चोचीत चिप घेऊन उडत होता, त्यानं चिप टाकली."

समईची वात सारखी करत असलेले विभावरीबाईंचे हात थांबले.

"काय म्हणालात?"

"चिप टाकली त्यानं."

"त्याच्या आधी."

राजारामांना भरून आलं. इतक्या वर्षांत बायकोनं त्यांची गोष्ट पुन्हा सांगायला सांगितली नव्हती. त्यांनी मांडी बदलली, घसा साफ केला, आणि या वेळी हात खांद्याच्याही वर नेला.

"असा वरून टाकला. आणि वाजला! ठण्णण्ण करून जो वाजला, तो वाजतच राहिला. मी दोनदा श्वास घेतला तरी वाजतोय! दाढीवाला म्हणाला, आमच्या पूर्वजांनी एवढी नाणी ठोकली, पण असा गळा एकालाही नव्हता. आणि मी तो सूर ऐकण्यात गुंग असताना त्या हरामखोरानं हातचलाखी केली! तुझा रुपया खिशात घातला आणि हा रानमाणूस माझ्या मुठीत कोंबला. शुद्धीवर आलो तर घोंगडी नाही, माणूस नाही, काही नाही. नुसता सीगल, चिप खात बसलेला. आता सांगा, मी काय करायला हवं होतं? पोलिसांत जाऊ? काय सांगू, चांदीचा सूर चोरला?"

"दॅट्स हीप्स ड्रमॅटिक," इरावती म्हणाली.

"म्हणून मी आपला हा डबीत ठेवला," राजारामांचा आवाज एकाएकी मऊ झाला. "म्हटलं, चांदी ती चांदी. पूजेला डबी रिकामी नको. ठेव विभा, हाच ठेव लक्ष्मीपुढे. चालतं."

त्या मऊपणानं विभावरीबाई सावध झाल्या. हा माणूस थापा मारताना कधी मऊ पडत नसे. थापा तो ताठ मानेनं मारायचा. म्हणजे एवढं एक वाक्य खरं होतं. डबी रिकामी नको, हे खरं होतं. मग बाकीचं?

"अहो," त्यांनी शांतपणे विचारलं, "आमच्या घरी त्या रुपयाला मुका का म्हणायचे?"

राजाराम गालात हसले. मिशीवरून बोट फिरवलं. "आता काय पोराबाळांपुढे सांगायला लावतेस? तुझी आई डबीत ठेवण्याआधी त्याचा मुका घ्यायची, आणखी काय."

"ईव, आजोबा," इरावती म्हणाली.

"तुम्हाला असं कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? मुका म्हणजे मुका!"

एवढा संसार झाला. एवढ्या दिवाळ्या झाल्या. दर दिवाळीला तोच विनोद आणि त्यावर तेच "शी". आणि या माणसानं एकदाही विचारलं नव्हतं. विभावरीबाईंना हसू यायला हवं होतं, पण संताप इतका वर चढला होता, की हसायला आत जागा नव्हती.

"माळेत ओवायला प्रत्येक रुपयाला भोक पाडलं होतं," त्या म्हणाल्या. "माळ मोडल्यावर आईनं सोनाराकडून ती भोकं बुजवून घेतली. बाकी बहिणींच्या रुपयांत चांदी नीट बसली. माझ्यात बसली नाही. आत ढिलीच राहिली. बाकीचे रुपये पाटावर टाकले की वाजायचे, माझा वाजायचा नाही. टाकला की खापरीसारखा बद्द करायचा. म्हणून मुका. बोलता येत नाही तो मुका. आई म्हणायची, या मुक्याला विभाच सांभाळेल, ती दोघांच्या वाटचं बोलते."

चारुदत्तनं भिंग खाली ठेवलं. "हो की," तो हळूच म्हणाला. "हो की, ताई. बद्द."

"तो कधी वाजला नाही, अहो. बाजारात नाही, देवळात नाही, कुमाऱ्याच्या पारड्यात नाही."

राजारामांनी घाईघाईनं तबकाकडे हात नेला.

त्याआधीच विभावरीबाईंनी तबकातलं नाणं उचललं, उघड्या बोटांनी, तेलाबिलाची पर्वा न करता. रानमाणसाच्या पायाखालच्या त्या बारीक गोलावरून अंगठा फिरवला. टांकसाळीची खूण! तो गोल त्यांच्या अंगठ्याला ओळखीचा होता. दर दिवाळीला चिंच लावताना तिथेच तर तो अडायचा. मग त्यांनी हात चौरंगासमोर नेला आणि नाणं फरशीवर सोडून दिलं.

बद्द.

नाणं दोन कोलांट्या खाऊन निळ्या झाडूपाशी जाऊन पडलं. खीर ढवळायची थांबली होती. बाहेर देवव्रतची गाडी वळण घेत असल्याचा आवाज आला. दोन आठवड्यांपूर्वी त्याच गाडीतून, कुंड्यांना टेकू म्हणून, बापानं पोलादी सळईचे दोन जाड तुकडे मागवून घेतले होते. एक ठसा खाली, एक ठसा वर. राजारामांनी पट्टीचा अंगठा हळूच मुठीत लपवला.

"बाजार नाही, घोंगडी नाही, तो रडणारा दाढीवाला नाही," विभावरीबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज असा चढला की पलीकडच्या बाईंचं मांजर पुन्हा पळालं असेल. "एका फोटोपायी, एका हातमोज्यापायी, माझ्या आईच्या चांदीच्या रुपयाला तुम्ही गॅरेजमध्ये ठोकून ठोकून जर्मन केलंत!"